साबूकाकांचा जावई

“आधी धू. कितीही घाई असली तरी आधी धू, मग जा.”

कारखान्यातल्या माझ्या पहिल्या दिवशी, पहिल्या दहा मिनिटांत हे वाक्य कानावर पडलं. पुरुषांच्या स्वच्छतागृहाच्या दारात पांढऱ्या मिशांचे एक बुटके गृहस्थ हात आडवा धरून उभे होते. त्यांच्यासमोर एक उंच कामगार या पायावरून त्या पायावर होत हातांना साबण चोळत होता. “काका, जवा दो ने,” असं तो काकुळतीला येऊन म्हणत होता आणि काका शांतपणे त्याला कोपर दाखवत होते. म्हणजे फेस तिथपर्यंत पोचला पाहिजे. मी प्रयोगशाळेचं दार शोधत तिथे येऊन अडकले होते. कुठे बघावं ते कळेना, म्हणून भिंतीवरच्या अग्निशामक नळकांड्यावरचा मजकूर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून काढला.

काकांचं लक्ष गेलं. त्यांना लाज वगैरे काही वाटली नाही. “नंतर तर सगळेच धुतात,” ते मला म्हणाले, “ते दुसऱ्यांसाठी. आपल्यासाठी धुवायचं तर आधी. दिवसभर हात कुठे असतो? पिंपावर, नळीवर, झाकणावर. आणि काही ठिकाणची कातडी फार भोळी असते, समोर येईल त्याला आत घेते. बराबर ने?” मी मान हलवली. “बाईंनाही हाच नियम लागू आहे,” असं सांगून त्यांनी माझ्या हातात पिवळ्या साबणाची एक नवी कोरी वडी ठेवली. माझं कारखान्यातलं स्वागत हे असं झालं.

गुजरातीत साबणाला साबू म्हणतात, म्हणून ते साबूकाका. खरं आडनाव हजेरीपटावर होतं, पण ते कोणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, आजोबा आणि वडील राजवाड्याच्या पहाऱ्यावर. “तीन पिढ्या आम्ही सलाम ठोकले,” ते म्हणत, “मी पहिला असा, की जो दुसऱ्यांना हात वर करायला लावतो. नखं बघायला.” आमचा कारखाना बडोद्याबाहेर, सावली गावाच्या रस्त्याला. शेतात, गोदामात आणि डासांच्या फवाऱ्यात जातं ते मॅलेथिऑन आम्ही बाहेरून आणून त्याच्यात द्रावक वगैरे मिसळून बाटल्यांत भरतो. साबूकाका तिथे सुरक्षेचं बघायचे, म्हणजे दिवसभर लोकांच्या मागे लागायचे.

मी शिकले ते सगळं इंग्रजीत. मराठी घरात, तीही बहुतेक आईशी. बाहेर गुजराती, हिंदी, आणि शक्यतो काहीच नाही. एम.एस्सी.ला माझा नंबर चांगला होता. मॅलेथिऑनच्या रेणूची आकृती मी झोपेतून उठवलं तरी काढली असती. दुसऱ्या आठवड्यात साबूकाकांनी मला स्टोअरमध्ये नेलं, स्टोअरकीपर जशुभाईंसमोर उभं केलं आणि म्हणाले, या पिंपात काय आहे ते यांना सांग. मी खाली बघत “ऑर्गॅनोफॉस्फेट” म्हणाले. जशुभाईंनी मोठ्या आदराने “हा, बेन” म्हटलं आणि झाकणाला लागलेला हात आपल्या पँटला पुसला.

“बघितलंस?” बाहेर आल्यावर काका म्हणाले. “शब्द कानात गेला, हात पँटवर गेला. आता माझं ऐक.”

मग त्यांनी मला जावईबापूंची गोष्ट सांगितली. मॅलेथिऑनला ते जावई म्हणत. दोन मुलींची लग्नं झालेली होती, त्यामुळे या विषयावर बोलायचा आपल्याला अधिकार आहे असं त्यांचं मत होतं. जावई दिसायला कसा, तर मधासारखा, पिवळसर तपकिरी, गुळगुळीत. पाण्याशी त्याचं जमत नाही, तळाशी जाऊन रुसून बसतो. पण तेला-तुपात, चरबीत लगेच विरघळतो. लोखंडाला कुरतडतो, म्हणून त्याला प्लास्टिकच्या पिंपात ठेवायचं. उन्हात तापवलात तर त्याचा स्वभाव आणखी बिघडतो, आधी होता त्याहून जहरी होतो, म्हणून सावलीत ठेवायचं. आग लागली तर धूर असा सोडतो की सगळं गाव पळावं. घरात शिरायला त्याला दार लागत नाही. नाकातून येतो, तोंडातून येतो, नुसता अंगावर सांडला तरी कातडीतून आत येतो आणि पाट मांडून बसतो. “दोनच गोष्टींना घाबरतो,” काका म्हणाले, “सोड्याला आणि चुन्याला. तिथे त्याचे तुकडे तुकडे होतात. आंबटात मात्र मजेत राहतो. आंबटात ठेवलास तर जावई मुक्कामाला.”

हे सगळं मला पुस्तकातून ठाऊक होतं, घनतेच्या आकड्यासकट. पण त्या दिवसानंतर जशुभाई हात पँटला पुसायचे थांबले. त्यांनाही एक जावई होता.

लोक त्याला दवा म्हणायचे ते मात्र काकांना सहन होत नसे. गावाकडचे शेतकरी माल न्यायला यायचे आणि “दवा आपो” म्हणायचे. काका विचारायचे, कोणाला बरं करते ही दवा? शेतकरी हसायचा. मग काका त्याला बाकावर बसवून नळांची गोष्ट ऐकवायचे. आपल्या अंगात हजार नळ आहेत. घामाचा, लाळेचा, डोळ्यांच्या पाण्याचा, स्नायू हलवण्याचा. निरोप आला की नळ उघडतो, आणि काम झालं की तो बंद करायला एक माणूस ठेवलेला आहे. हे विष नळाला हात लावत नाही. ते बंद करणाऱ्या माणसाचे हात बांधून ठेवतं. मग घाम थांबत नाही, लाळ थांबत नाही, डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, छाती आवळते, अंगातलं मांस आपोआप फडफडायला लागतं. किड्याचं तेच, माणसाचं तेच. “माणूस याला बऱ्यापैकी पचवतो, इतरांच्या मानाने हे विष सौम्य आहे,” ते शेवटी सांगायचे, “आणि सगळी गडबड त्या सौम्य शब्दानेच केलीय.” शेतकरी गेल्यावर त्याच्या पिशवीत सोड्याची पुडी आणि साबणाची वडी हमखास असायची.

बंद करणाऱ्या त्या माणसाचं शास्त्रीय नाव कोलिनेस्टरेज. दर काही महिन्यांनी आमच्या सगळ्यांच्या रक्तात ते किती उरलंय हे तपासायला डॉक्टर यायचे. सुईला घाबरून धिप्पाड माणसं मालाच्या खोक्यांमागे लपायची आणि साबूकाका त्यांना नावानिशी शोधून काढायचे. मी रांगेत मुकाट उभी राहायचे. “ही बघा मौनीबेन,” ते ओरडून सांगायचे, “सुई टोचली तरी आवाज नाही.” सगळे हसायचे. माझं ते नाव तेव्हापासून पडलं.

साबूकाकांचा सर्वांत बदनाम उद्योग म्हणजे पिंपं फोडणं. रिकामं झालेलं पिंप तीनदा खळबळायचं, ते खळबळलेलं द्रावण परत मालात वापरायचं, आणि मग काका हातोडी आणि टोकदार छिन्नी घेऊन यायचे. बुडाला दोन भोकं, पोटाला तीन. ठक्, ठक्, ठक्. हा आवाज गेटपर्यंत जायचा आणि प्रत्येक ठोक्याला जशुभाईंच्या चेहऱ्यावर कळ उमटायची. निळं, जाड, झाकणाचं, दोनशे लिटरचं पिंप. उन्हाळ्यात बडोद्यात घरोघर वर्षाचे गहू भरतात, दिवेल, म्हणजे एरंडेल, चोळून ठेवतात. असं एखादं पिंप कोणाला नको असतं? जशुभाईंच्या सासरहून तर दरवर्षी विचारणा व्हायची. एकदा त्यांनी धीर करून मागितलंच. काका लगेच म्हणाले, घेऊन जा. जशुभाईंनी आनंदाने ते स्कूटरवर आडवं बांधलं, आणि बांधताना त्यांना पिंपाच्या बुडातून पलीकडचा कडुलिंब दिसला. “दिलं ने?” काका म्हणाले. “भोकासकट दिलं.” मग ते पिंप उतरवून काकांनी स्वतः भंगाराच्या कुंपणात नेऊन टाकलं. जशुभाई आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

काकांच्या नाकाची मोठी ख्याती होती. मॅलेथिऑनला लसणासारखा उग्र वास असतो. कुठे झाकण सैल राहिलं, कुठे नळी पाझरली, तर साबूकाकांना गेटवरच कळतं असं कामगार शपथेवर सांगायचे. आमच्या कँटीनचे आचारी दयाशंकर महाराज कांदा-लसूण खात नसत आणि त्यांच्या स्वयंपाकघरात ते येऊही देत नसत. कारखान्याच्या वाऱ्याने आपल्या डाळीला लसणाचा वास लागतो, अशी त्यांची कायमची तक्रार होती. ती घेऊन ते काकांकडेच यायचे, आणि काका डाळ हुंगून गंभीरपणे म्हणायचे, “शुद्ध आहे. वाढा.”

पावसाळ्यातल्या एका दुपारी प्रयोगशाळेत नमुन्याची बाटली कलंडली होती. बूच निघून थोडंसं टेबलावर आलेलं. मी दारातून आत आले तर वासाने माझं डोकं भणाणलं, आणि साबूकाका त्या टेबलाशेजारी उभे राहून आरामात रजिस्टर वाचत होते. मी बोटाने बाटली दाखवली. त्यांनी बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. हातमोजे घातले, भुसा टाकला, सोड्याचं पाणी ओतलं, सगळं नीट भरून बंद केलं, हात धुतले. मग दार लोटून घेतलं.

“नाक गेलंय,” ते म्हणाले. “तीनेक वर्षं झाली. गुलाब आणि गटार, मला दोन्ही सारखंच.”

मग गेटवर कळतं ते? ते मिशीत हसले. गेटवर रखवालदार सांगतो. नळी कुठली पाझरणार ते जुन्या नोंदींवरून कळतं. झाकण कोण सैल ठेवतो ते त्याच्या घरात काय चाललंय त्यावरून कळतं. आणि वासाचं म्हणशील तर चांगलं नाकसुद्धा दहा मिनिटांत त्याला सरावतं आणि गप्प बसतं. वास येत नाही म्हणजे विष नाही, असं समजणारे लवकर देवाघरी जातात. “नाक सुटीवर जातं. नियम जात नाही. पण लोकांना सांगू नकोस. माझ्या नाकाला घाबरून झाकणं लागतात.”

मी सांगणार नाही असं म्हणाले. म्हणजे मान हलवली.

“आपलं बरं जमेल,” ते म्हणाले. “तुझं नाक चालतं, जीभ चालत नाही. माझं उलटं. दोघं मिळून एक धड माणूस होईल.”

त्यानंतर त्यांनी माझ्या आवाजाचा नाद घेतला. जेवणाच्या सुटीत मला पिंपांच्या आवारात नेऊन एका टोकाला उभं करायचे, स्वतः दुसऱ्या टोकाला जायचे आणि डोळे मिटून चालायला लागायचे. मी “थांबा” म्हटलं की थांबायचं, असा खेळ. पहिल्या दिवशी मी हात हलवला. डोळे मिटलेल्या माणसासमोर. ते चालत चालत कडुलिंबावर आपटले. दुसऱ्या वेळी ते उभ्या असलेल्या ट्रॅक्टरकडे निघाले. शेवटी मी धावत जाऊन त्यांची बाही धरून ओढली. त्यांनी डोळे उघडले, बाहीकडे बघितलं.

“ओढलंस. एका माणसाला चालेल. साठ माणसांच्या बाह्या कशा ओढशील?”

मला त्यांचा राग आला होता. शाळेपासून सगळे मला हेच सांगत आले होते. फक्त त्यांच्यापैकी कोणी त्यासाठी झाडावर आपटलं नव्हतं.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी साबूकाका निवृत्त झाले. आम्ही दोघं प्रतापनगरहून एकाच बसने यायचो. त्या सकाळी ते शेजारी येऊन बसले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड माझ्या मांडीवर ठेवलं. हातोडी आणि छिन्नी. “तुझी पाटी-पेन्सिल,” ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मी धन्यवाद म्हणायला हवं होतं. बस गोरव्याला पोचेपर्यंत मी ते मनात जुळवत होते, सावलीच्या रस्त्याला लागेपर्यंत जुळवत होते, आणि मग कारखाना आला.

निरोपसमारंभ आवारात, मांडवात. भाषणांच्या यादीत माझंही नाव कोणीतरी घातलं होतं. मी चार ओळी लिहून पर्समध्ये ठेवल्या होत्या, आणि नाव पुकारलं तर दिसू नये म्हणून सगळ्यांच्या मागे, छास, म्हणजे ताक, भरत होते त्या टेबलाच्या आडोशाला जाऊन उभी राहिले होते. छास महाराजांनी घुसळली होती. पाहुणे जास्त, कँटीनचं पातेलं लहान, म्हणून जशुभाईंनी आपलं खास पिंप काढलं होतं. निळं, चकचकीत, खाली नळ बसवलेलं. कित्येक महिने खोक्यांमागे काकांपासून लपवून ठेवलेलं एकुलतं एक अभंग पिंप. सात वेळा साबणाच्या पावडरीने धुतलं आणि उन्हात वाळवलं, असं त्यांनीच मला कौतुकाने सांगितलं. काकांसाठी म्हणून काढलं, नाहीतर पोरीच्या घरी जाणार होतं.

ग्लास भरले जात होते. जशुभाईंनी घाईत एक ग्लास सांडला, त्यांचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले. पहिली थाळी व्यासपीठावर गेली. आणि जिरं, कोथिंबीर, हिंग यांच्या खालून मला लसणाचा वास आला.

आधी वाटलं, कपड्यांना असेल. मग मी नळाजवळ वाकले. दयाशंकर महाराजांच्या छाशीत लसूण. प्लास्टिकने आत शोषून ठेवलेला जावई आंबट, स्निग्ध छाशीत हळूहळू बाहेर येत होता. किती आला होता कोण जाणे. चमचाभर की थेंबभर, ते मशीनवर लावल्याशिवाय मलाही सांगता आलं नसतं.

व्यासपीठावर साबूकाका शाल, नारळ आणि तीन हारांखाली बसले होते. हातात ग्लास. कारखान्याचे साहेब माईकवरून सांगत होते की आज पहिला घोट काकांचा, आणि काका जे पितात ते डोळे मिटून प्यायला हरकत नाही, कारण त्यांच्या नाकाखालून काही सुटत नाही. सगळे हसले. पुढच्या रांगांत ग्लास हातात धरून लोक वाट बघत होते. काकांनी ग्लास नाकाशी नेला, नेहमीसारखं गंभीर तोंड करून हुंगला, आणि लोकांकडे बघून मान डोलावली. शुद्ध आहे.

त्या मांडवात एकट्या मला माहीत होतं की ते नाक काही सांगत नाही. मी तोंड उघडलं. काही आलं नाही. माझ्यात आणि व्यासपीठात साठ माणसं होती. साठ माणसांच्या एकशे वीस बाह्या.

मी पर्स उघडली. चार ओळींचा कागद बाजूला सारून वर्तमानपत्रातली हातोडी आणि छिन्नी काढली, छिन्नी पिंपाच्या पोटाला लावली. पहिला घाव घसरला. दुसराही घसरला आणि माझं बोट चेचलं. तिसऱ्याला छिन्नी आत गेली.

ठक्, ठक्, ठक्.

तो आवाज तिथल्या प्रत्येकाच्या ओळखीचा होता. सगळी डोकी वळली. पिंपाच्या पोटातून पांढरी धार निघून जशुभाईंच्या नव्या पँटवर आदळली. “आ शुं कर्युं, बेन?” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज रडवेला होता. व्यासपीठावर काकांचा ग्लास ओठांपासून दोन बोटांवर थांबला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पिंपाच्या निळ्या रंगाकडे बघितलं. मग ग्लास सावकाश खाली, खुर्चीच्या बाजूला ठेवला.

महाराज धावत आले. आपल्या छाशीची ही अवस्था बघून ते मला बोलणारच होते, तेवढ्यात धारेचा वास त्यांच्यापर्यंत पोचला. त्यांनी पुन्हा हुंगलं. “आमां लसण कोणे नाख्युं?” यात लसूण कोणी घातला, असं त्यांनी विचारलं.

मॅलेथिऑन भरणाऱ्या माणसांना, लसूण नसताना लसणाचा वास कशाचा, हे शिकवावं लागत नाही. पुढच्या रांगेतला एक ग्लास खाली ठेवला गेला, मग दुसरा, मग ओळीने सगळे. जशुभाई आपल्या पिंपाकडे असे बघत होते, की कोणीतरी त्यांना खुर्ची द्यावी.

मग साबूकाका उठले आणि एकटेच टाळ्या वाजवू लागले. हार हलत होते, शाल एका खांद्यावरून घसरली होती, आणि ते माझ्याकडे बघून अशा टाळ्या वाजवत होते, जणू समारंभ माझाच आहे. एकेक करून लोक उभे राहिले. सगळ्यांत शेवटी जशुभाईंनी टाळीसाठी हात वर केले. कोपरापर्यंत छाशीने माखलेले, गळणारे हात.

तेव्हा माझा आवाज फुटला. ना गुजरातीत, ना हिंदीत, ना माझ्या शाळेच्या इंग्रजीत. आईशी बोलते त्या भाषेत, आणि गेटवरच्या रखवालदाराने वळून बघावं इतक्या मोठ्याने.

“आधी हात धुवा,” मी म्हणाले. “टाळ्या मग.”